फक्त तिचाच आवाज

मैत्रिणींनो, आपल्या घरात फोटो किती आहेत, याचा हिशेब कधी केलाय? लग्नाचा आल्बम, बारशाचा आल्बम, मुंजीची सीडी आणि आता तर मोबाइलमध्ये नातवाच्या एका वाढदिवसाचेच दोनशे फोटो! पण आईचा आवाज? सासूबाईंनी म्हटलेला पाळणा? आत्याच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या? शोधायला गेलं तर बहुतेक घरांत काहीच सापडत नाही. माणूस गेल्यावर फोटोला हार घालता येतो, पण "अगं, जेवलीस का?" हे विचारणारा आवाज कुठून आणायचा?

बायकांचा आवाज जपून ठेवायचा असतो, हे आपल्याला फारसं कुणी शिकवलंच नाही. साने गुरुजींनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या, 'स्त्रीजीवन' हे पुस्तक झालं, म्हणून त्या शब्दांना कागद तरी मिळाला. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, कित्येक ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. हे मोठ्या माणसांनी केलेलं मोठं काम. पण माझ्या-तुमच्या घरातल्या आवाजाचं काय? तो आपणच जपायला हवा. आणि त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. घरात मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर असतो ना, तेवढा पुरतो.

आमच्या महिला मंडळाची ऑनलाइन बैठक २०२०च्या लॉकडाउनमध्ये सुरू झाली, ती अजून चालू आहे. दर बुधवारी दुपारी चार वाजता. कुणी सोलापूरहून, कुणी नाशिकहून, कुणी लेकीकडे परदेशी गेलेली. सत्तरी ओलांडलेल्या आठ-दहा जणी नेमाने येतात. कुणी हादग्याची गाणी म्हणतं, कुणी डोहाळजेवणाची, कुणी गोधडीचे टाके समजावून सांगतं. साहजिकच प्रत्येकीला वाटायचं, हे रेकॉर्ड करून ठेवावं. आणि प्रत्येक जण करायची तेच. कॉम्प्युटरच्या स्पीकरसमोर मोबाइल धरायचा आणि रेकॉर्डरचं लाल बटण दाबायचं. मग नंतर ऐकावं तर काय? गाणं मागे आणि पुढे कुकरच्या तीन शिट्ट्या, दारावरची बेल आणि खाली "भंगाऽर" म्हणून ओरडणारा भंगारवाला!

टॅब म्हणजे काय गं?

आमच्यातल्या एकीने हा प्रश्न विचारला तेव्हा बाकीच्या हसल्या. पण उत्तर कुणालाच नीट देता आलं नाही. सोपं आहे. कॉम्प्युटरवर इंटरनेट उघडलं की वरच्या कडेला नाव लिहिलेल्या पट्ट्या दिसतात. एका पट्टीत मीटिंग, दुसरीत बातम्या, तिसरीत यूट्यूब. त्यातली एक पट्टी म्हणजे एक टॅब. आवाज येत असेल त्या टॅबवर क्रोम ब्राउझरमध्ये छोटंसं स्पीकरचं चित्रही दिसतं.

आता असं समजा, की कॉम्प्युटर म्हणजे चाळ आहे. स्पीकरमधून ऐकू येतं ते गॅलरीत उभं राहून ऐकल्यासारखं, सगळ्या बिऱ्हाडांचे आवाज एकत्र. मोबाइल समोर धरलात तर त्यात गॅलरीबाहेरचा रस्ताही आला. 'ऑडॅसिटी' नावाचं फुकट मिळणारं चांगलं सॉफ्टवेअर आहे. विंडोजच्या कॉम्प्युटरवर ते स्पीकरकडे जाणारा आवाज थेट आतूनच उचलू शकतं, म्हणजे रस्ता गेला. पण मध्येच ईमेल आल्याचं 'टिंग' वाजलं तर तेही गाण्यात येऊन बसतं. 'ओबीएस' नावाच्या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकाच प्रोग्रॅमचा आवाज घेता येतो, पण तिथे प्रोग्रॅम म्हणजे अख्खा ब्राउझर, त्यातले सगळे टॅब. आपल्याला हवं असतं एकाच बिऱ्हाडाचं दार. एकाच टॅबचा आवाज रेकॉर्ड करायचा तो यासाठी. शेजारच्या टॅबमध्ये मुलगा क्रिकेटची मॅच लावून बसला, तरी तुमच्या गाण्यात ती येत नाही.

याचं मोल मला कळलं ते आमच्या सोलापूरच्या काकूंमुळे. नात्याच्या नाहीत, मंडळाच्या. पण सगळ्याच त्यांना काकू म्हणतो. गळा गोड. आवाज घोगरा झाला म्हणून तपासायला गेल्या आणि घशाचा कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनला दोन आठवडे होते. लेक टोरांटोला, सातव्या महिन्यात, विमानात बसायची परवानगी नाही. तिचा मला फोन आला. रडत नव्हती, एवढंच म्हणाली, "मावशी, माझ्या बाळाला आईचा पाळणा ऐकायचाय. काही तरी करा."

काकूंच्या घरी काका आणि काकू दोघंच. ज्या फोनवर व्हिडिओ कॉल चालू, त्याच फोनवर रेकॉर्डिंग कोण करणार? लेकीला आईशी बोलताना बटणांकडे लक्ष द्यायचं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. म्हणून ठरलं असं, की मायलेकींनी बोलायचं आणि मी पुण्यातून नुसतं रेकॉर्ड करायचं. आपल्याकडे सकाळचे सात, तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. डॉक्टरांना विचारून, गळ्याला ताण न देता, एका वेळी पंचवीस मिनिटं. अशा चार बैठका झाल्या.

करायचं कसं?

मी बी.ए. मराठी, कॉम्प्युटरची मला फार भीती वाटायची. पण याला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पहिलं म्हणजे मीटिंग कॉम्प्युटरवर आणि क्रोम किंवा एज ब्राउझरच्या टॅबमध्येच उघडायची. मीटिंगचं वेगळं ॲप उघडलंत तर तो टॅब राहत नाही. आणि फोनवरच्या ब्राउझरमध्ये ही सोय नसते, हेही ध्यानात ठेवा.

मग दोन वाटा. एक, ब्राउझरमध्ये टॅबचा आवाज रेकॉर्ड करणारं एक्स्टेंशन घालायचं. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला लावलेली जादा खुंटी. ते क्रोमच्या अधिकृत दुकानातूनच घ्या आणि घालताना ते कोणकोणत्या परवानग्या मागतंय, ते वाचा. 'सगळ्या वेबसाइटवरचा मजकूर वाचू दे' असं ते म्हणत असेल तर आवाज रेकॉर्ड करायला तुला आमच्या बँकेचं पान कशाला हवं, असा प्रश्न आपण विचारायलाच हवा. काम झालं की ते काढून टाकलेलं उत्तम.

दुसरी वाट म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारा रेकॉर्डर. तो 'काय शेअर करायचं?' असं विचारतो आणि एक चौकट उघडते. त्यात पूर्ण स्क्रीन न निवडता टॅब निवडायचा, आपल्या मीटिंगचा टॅब दाखवायचा आणि 'ऑल्सो शेअर टॅब ऑडिओ' हे बटण चालू आहे ना, ते बघायचं. ते बंद राहिलं तर तासभराचं चित्र मिळेल, पण मुकं! म्हणून आधी एक मिनिटाचं रेकॉर्डिंग करून, ऐकून, मगच खरं सुरू करायचं.

काही एक्स्टेंशनमध्ये रेकॉर्डिंग सुरू होताच आपल्याला ऐकू यायचं बंद होतं. घाबरू नका. टॅबचा आवाज स्पीकरकडे जाण्याऐवजी रेकॉर्डरकडे वळलेला असतो. चांगलं एक्स्टेंशन तो परत आपल्यापर्यंत पोचवतं. आणि कॉम्प्युटरचा स्पीकर अगदी हळू ठेवला तरी रेकॉर्डिंगवर परिणाम होत नाही, कारण आवाज स्पीकरपर्यंत पोचण्याआधीच उचललेला असतो. आमच्याकडे सकाळी सातला सगळे झोपलेले असायचे. मी कानात हेडफोन घालून बसायचे आणि घरात कुणाला पत्ताही नसायचा.

यात एक गंमत आहे. टॅबमधून येतो तो समोरच्यांचा आवाज. आपण माइकवर बोलतो तो आपल्याच टॅबमधून आपल्याला ऐकू येत नाही, त्यामुळे नुसत्या टॅबच्या रेकॉर्डिंगमध्ये तो नसतोच. मुलाखत घ्यायची असेल, आपले प्रश्नही हवे असतील, तर रेकॉर्डरमध्ये माइकही चालू करावा लागतो. मी मुद्दाम केला नाही. काकूंच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त आई आणि लेक आहे. मी तिथे असून नसल्यासारखी. असंच हवं होतं.

दुसरी अडचण मात्र खरी आली. काकू पाळणा म्हणताना वाटीवर चमच्याने ताल धरायच्या, तो आमच्यापर्यंत पोचेचना. मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये नको असलेले आवाज गाळायची सोय असते. कुत्र्याचं भुंकणं, पंख्याची घरघर ते गाळतं. तसा वाटीचा तालही त्याने कचरा समजून गाळला. जात्याची घरघर, टाळ्या, पेटीचा सूर यांचंही असंच होऊ शकतं. ती सोय गाणाऱ्याच्या बाजूने बंद करावी लागते. काकांना फोनवरून समजावून सेटिंगमध्ये नेलं, तेव्हा कुठे वाटी वाजली. एक मात्र खरं सांगते, इंटरनेटवरून आलेला आवाज हा समोर बसून घेतलेल्या आवाजासारखा भरीव नसतो. जवळ जाता येत असेल तर जाऊन, फोन वीतभर अंतरावर ठेवून घ्या. जाता येत नाही तेव्हा टॅब आहे.

विचारलंस का तिला?

आता सगळ्यात महत्त्वाचं. मीटिंगच्या स्वतःच्या सोयीने रेकॉर्डिंग केलं तर हजर असलेल्या सगळ्यांना तशी सूचना दिसते. टॅबचा आवाज आपण आपल्या कॉम्प्युटरवर उचलतो तेव्हा पलीकडच्या माणसाला काही म्हणजे काहीच दिसत नाही. ना लाल दिवा, ना घंटा. मशीन सांगत नाही, म्हणून सांगायचं काम आपलं. मी दर वेळी सुरुवातीला म्हणायचे, "काकू, मी आता रेकॉर्डिंग चालू करतेय हं. चालेल ना?" आणि त्यांच्या "चालतंय की" या होकारानंतरच माझा माइक बंद व्हायचा.

तिसऱ्या दिवशी ओव्या म्हणता म्हणता काकू थांबल्या. म्हणाल्या, "आता बंद कर की गं ते. ही सासूबाईंवरची हाय. लेकीनं ऐकावी, पण मागं ऱ्हाऊ नये." मी बंद केलं. ती ओवी काकूंनी लेकीला म्हणून दाखवली आणि ती तेवढ्यापुरतीच राहिली. मला विचाराल तर त्या चार दिवसांतली ती सर्वांत सुंदर ओवी होती. पण ती माझी नव्हती, जपायची की नाही हे मी ठरवायचं नव्हतं. आयुष्यभर बायकांनी काय बोलावं हे दुसऱ्यांनीच ठरवलंय. निदान काय मागे ठेवायचं, हे तरी तिचं तिला ठरवू द्या. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. तो हक्क घरातल्या म्हाताऱ्या बाईलाही आहे!

आमच्या बैठकीतही आता हाच नियम आहे. गाणं, पाककृती, आठवणी रेकॉर्ड होतात. पण एखादी घरातलं दुःख सांगू लागली की रेकॉर्डिंग थांबतं, मग ती मागो अथवा न मागो. समुपदेशनाचं बोलणं फाइलमध्ये राहिलं आणि ती फाइल नको त्याच्या फोनवर गेली, तर त्या बाईला घरात राहणं कठीण होतं.

याच्या उलट प्रश्नही माझ्याकडे येतो. "ताई, तो व्हिडिओ कॉलवर धमक्या देतो, ते रेकॉर्ड करू का?" ही गोष्ट वेगळी आहे. तिथे स्वतःच्या बचावाचा प्रश्न असतो. नवरा-बायकोच्या खटल्यात न सांगता केलेलं संभाषणाचं रेकॉर्डिंगही पुरावा म्हणून विचारात घेता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिला आहे. मात्र मूळ फाइलला हात लावायचा नाही. कापायची नाही, 'साफ' करायची नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे आधी वकिलाचा सल्ला घ्या. आणि जिवाला भीती असेल तर रेकॉर्डिंग करत बसू नका. आधी ११२ लावा किंवा महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन.

तसंच गाण्यांचं. टॅबमध्ये जे वाजतं ते सगळं रेकॉर्ड होतं, म्हणून ते सगळं आपलं होत नाही. आपल्याकडे गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. १९५७च्या कायद्यात स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी मर्यादित मुभा आहे. पण तेच पुढे ग्रुपवर वाटणं, आपल्या चॅनलवर टाकणं ही मुभा नव्हे. ऑनलाइन गाण्याचा क्लास असेल तर बाईंना विचारा. त्यांच्या शिकवण्यावर त्यांचं घर चालतं.

फाइलला नाव हवंच

१९०२मध्ये कोलकात्यात गौहरजानच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण झालं. गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. का? तर तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना लेबलवर नाव घालायला ते कळावं म्हणून. आज एवढ्या वर्षांनीही ती कोण हे तिच्याच तोंडून कळतं. आपणही तेच करू या. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि गाणं कुणाकडून शिकलं, एवढं गाणाऱ्या बाईलाच सांगू द्या. फाइलचं नाव 'रेकॉर्डिंग १' ठेवलंत तर दोन वर्षांनी तुम्हालाच कळणार नाही.

अशा रेकॉर्डिंगच्या फाइल बऱ्याचदा 'वेबएम' प्रकारच्या असतात. त्या व्हीएलसी प्लेअरवर वाजतात. नात्यात वाटायला एमपी-थ्री करून घ्या, नेहमीच्या दर्जाला एका मिनिटाला साधारण एक एमबी लागतो. काकूंची शंभर मिनिटं शंभर एमबीच्या आत बसली. तेच न दाबलेल्या 'वेव्ह' प्रकारात सीडीच्या दर्जाने ठेवलं तर मिनिटाला दहा एमबी. मूळ फाइल मात्र पुसू नका. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गावात राहणाऱ्या नातेवाइकाकडे.

काकूंचं ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. आता पाटीवर लिहून बोलतात, गळ्याला यंत्र लावून बोलायचा सरावही चालू आहे. टोरांटोला नातीचं बारसं झालं तेव्हा पाळणा म्हणायला आजीच होती. लेकीने ते रेकॉर्डिंग लावलं आणि इकडे सोलापुरात पडद्यासमोर बसून काकूंनी वाटीवर चमच्याने ताल धरला. स्वतःच्याच आवाजाला! नंतर पाटीवर त्यांनी लिहिलं, "वरचा सूर जरा चढलाय." आम्ही सगळ्या रडता रडता हसलो.

मैत्रिणींनो, दुखण्याची वाट कशाला बघायची? या रविवारी आईला, मावशीला, गावाकडच्या आत्याला कॉल लावा. कॉम्प्युटरवर, टॅबमध्ये. आधी विचारा. नाही म्हणाली तर नुसत्या गप्पा मारा, त्याही कुठे वाया जातात! हो म्हणाली तर तिला तिचं नाव सांगू द्या, आणि मग तुम्ही गप्प बसा. तिला बोलू द्या.